शून्य गुन्ह्यांची फुलदाणी

केवळराम गभणे सरांचं अक्षर फार सुंदर. इतकं सुंदर की बेलटोल्याच्या शाळेत त्यांनी फळ्यावर लिहिलेला सुविचार पुसायला तेजराम शिपायाचा हात धजावत नसे, आणि त्यामुळे 'वेळेचे महत्त्व ओळखा' हा सुविचार जूनपासून थेट उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत फळ्याच्या कोपऱ्यात तसाच राहायचा. पण चांगल्या अक्षराच्या माणसाला एक शाप असतो. अख्ख्या शाळेचे फॉर्म त्यालाच भरावे लागतात.

आणि फॉर्म तरी किती म्हणता! जंताच्या गोळ्यांचा वेगळा, हात धुण्याचा वेगळा, दातांचा वेगळा, घरी संडास आहे काय याचा वेगळा. सरांनी त्यावर एक पद्धत बसवली होती. प्रश्न फळ्यावर लिहायचा, त्याच्यापुढे उत्तरही लिहायचं आणि वर्गाने उतरवून घ्यायचं. एका तासात शंभर फॉर्म तयार, एकावरही खाडाखोड नाही. पद्धत इतकी चोख की एकोणीस वर्षांत त्यांचा एकही गठ्ठा वरून परत आला नव्हता. सरकारला माहिती पाहिजे असते, असा काही भोळ्या लोकांचा समज असतो. सरांचा अनुभव असा होता की वरच्यांना गठ्ठा पाहिजे असतो, आणि तो दोरीने नीट बांधलेला पाहिजे असतो.

भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्याला आठ-नऊ वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. जुलै महिन्यात शाळेत एक जाडजूड पाकीट आलं. 'सुपथ : शालेय बालगुन्हेगारी प्रतिबंध कार्यक्रम व त्याचे मूल्यमापन.' मुख्याध्यापकांनी ते नाव दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "गभणे सर, तुमचं अक्षर..." पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. एकोणीस वर्षांत कधीच करावं लागलं नव्हतं.

योजना तशी सोपी होती. आठवी-नववीच्या एकशे बारा मुलांनी तीस प्रश्नांचा एक फॉर्म भरायचा, त्यावर नाव लिहायचं नाही. मग आठ महिने एक समुपदेशिका येऊन मुलांचे तास घेणार. मार्चमध्ये तोच फॉर्म पुन्हा भरायचा. आधी पोरं किती बिघडलेली होती आणि नंतर किती राहिली, यातला फरक म्हणजे कार्यक्रमाचं यश. सोबत चौदा पानांची सूचना-पुस्तिका होती. तिच्या नवव्या पानावर ठळक छापलं होतं की फॉर्म भरताना शिक्षकांनी वर्गात थांबू नये. पण सरांनी पुस्तिका दुसऱ्या पानापर्यंतच वाचली. तिथे 'सुवाच्य अक्षरात भरावे' असं होतं. तेवढं वाचून त्यांचं समाधान झालं.

वर्गात जाऊन त्यांनी खडू हातात घेतला. प्रश्न एक : तुम्ही दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतली आहे काय? सरांनी वळणदार अक्षरात लिहिलं, नाही. प्रश्न दोन : वर्ग चुकवून बाहेर गेला आहात काय? नाही. तंबाखू? नाही. मारामारी? नाही. हाताला लय सापडली. पोरंही भराभर उतरवत होती. मागच्या बाकावरच्या दोघांचे खिसे त्या वेळी शेजारच्या वाडीतल्या पेरूंनी फुगलेले होते, पण त्यांनीही जिभेचं टोक बाहेर काढून मन लावून 'नाही' लिहिलं. याच लयीत प्रश्न सत्तावीस आला : तुम्ही आईवडिलांचे ऐकता काय? सरांनी लिहिलं, नाही. एकशे बारा मुलांनी लिहिलं, नाही.

आठवीतली डिंपल तेवढी उभी राहिली. "सर, मी तं आयकते जी!"

सरांनी फळ्याकडे पाहिलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला. फॉर्म पेनाने भरलेले. खाडाखोड तर चालणार नव्हती, निदान सरांना तरी चालणार नव्हती. शेवटी तेजरामला दुकानात पिटाळून ब्लेडची दोन पाकिटं आणवली आणि एकशे बाराच्या एकशे बारा कागदांवरचा तो 'नाही' खरवडून तिथे 'होय' लिहिण्यात दुपार गेली. कागद त्या जागी इतका विरला की फॉर्म उजेडात धरला तर सत्ताविसाव्या प्रश्नातून पलीकडचं चिंचेचं झाड दिसत होतं. पण अक्षर? अक्षर मोत्यासारखं होतं.

गठ्ठा आधी कुणाच्या तरी चुकीने गोंदियाला गेला, तिथून 'आमच्याशी संबंध नाही' असा शेरा घेऊन भंडाऱ्याला आला आणि तिथे मात्र खळबळ उडाली. अख्ख्या जिल्ह्यात बेलटोला ही एकच शाळा अशी निघाली, जिथे बालगुन्हेगारीचं प्रमाण शून्य होतं. एकही चोरी नाही, एकही शिवी नाही आणि आईवडिलांचं तर सगळेच ऐकतात! सुपथ कक्षाने भंडाऱ्यात सभागृह घेऊन सरांचा सत्कार केला. शाल दिली, श्रीफळ दिलं आणि भंडाऱ्याच्या कासारांनी घडवलेली हातभर उंच पितळेची फुलदाणी दिली. फुलदाणीवर कोरलं होतं : 'शून्य बालगुन्हेगारी शाळा. प्रेरणास्थान : श्री. केवळराम गभणे.'

आता इथे सरांनी तोंड उघडायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. तेही तसंच ठरवून उभे राहिले होते म्हणतात. पण समोर तीनशे माणसं टाळ्या वाजवत असताना 'अहो, मी फळ्यावर लिहून दिलं होतं' हे वाक्य घशातून वर येत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या टाळ्यांमध्ये सरांना हळूहळू वाटायला लागलं की आपली पोरं तशी चांगलीच आहेत. टाळ्या म्हणजे फार वाईट चीज. पुढे तर त्यांना तीन शाळांनी 'शून्य कसे साधावे' या विषयावर भाषणाला बोलावलं, आणि तिसऱ्या भाषणापर्यंत शून्य कसं साधावं हे सरांना खरोखरच माहीत झालेलं होतं.

फुलदाणी आंधळगावच्या त्यांच्या घरी टीव्हीवर बसली. त्यांच्या बायकोने, कौशल्याबाईंनी, ती पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"शून्य लिवलेलं भांडं घरात ठेवते काय कोनी? बरकत जाते ना बापा."

"अगं, ते गुन्ह्यांचं शून्य आहे. आपल्या घराचं नाही."

"भांड्याले का समजते, कायचं शून्य आहे ते?" म्हणून त्यांनी फुलदाणीत चार मुठी तांदूळ भरून ठेवले, म्हणजे निदान आत तरी शून्य राहायला नको.

शेजारचे मारोतराव एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. त्यांची पेरूची वाडी नेमकी बेलटोल्याच्या शाळेला लागून. त्यांनी फुलदाणी हातात घेऊन खाली-वर फिरवली आणि विचारलं, "गभणे सर, तुमचे पोट्टे एवढे देव आहेत, तं माहे पेरू कोन खाऊन राहिलं?"

"पोपट असतील," सर म्हणाले.

"हो का? पोपट चपला इसरून जाते काय जी झाडाखाली?"

सरांनी विषय धानाच्या रोवणीकडे वळवला.

ऑगस्टपासून समुपदेशिका यायला लागल्या. रत्नमाला रामटेके मॅडम. राहायच्या कारध्याला. पूल ओलांडून भंडाऱ्याला यायचं, एसटीने आंधळगाव गाठायचं आणि तिथून चार किलोमीटर मिळेल त्या गाडीने, नाहीतर पायी. अकरा महिन्यांचा करार होता त्यांचा, आणि तो पुढे चालू ठेवायचा की नाही हे मार्चच्या फॉर्मवर ठरणार होतं. शून्य गुन्ह्यांच्या शाळेत गुन्हे थांबवायला त्या कशाला आल्या, असं मुख्याध्यापकांनी वर विचारून पाहिलं. उत्तर आलं की शाळांची यादी छापून झालेली आहे.

मॅडम दर बुधवारी आणि शनिवारी मुलांना वर्गात गोल करून जमिनीवर बसवायच्या. स्वतःही जमिनीवर. सरांना ते मुळीच आवडलं नाही, शिक्षकाने खुर्ची सोडली की संपलं. त्या गोलात ज्याला जे खरं सांगायचं ते त्याने चिठ्ठीवर लिहायचं, मॅडम नाव न घेता वाचायच्या. नियम एवढाच की हसायचं नाही, रागवायचं नाही, कुणी लिहिलं ते विचारायचं नाही. चिठ्ठी वाचून झाली की सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "सांगतलं, बरं केलं!" मग ते कसं निस्तरायचं यावर पोरं आपसातच बोलायची.

वऱ्हांड्यातून येता-जाता सरांच्या कानावर पडायचं. 'मी तळ्यावर मासे धरायला चोरून गरी टाकली.' सांगतलं, बरं केलं! 'मी खिचडीतला गूळ खाल्ला.' सांगतलं, बरं केलं! सर स्टाफरूममध्ये येऊन म्हणायचे, "आमच्या वेळी 'सांगतलं' म्हटलं की छडी बसायची. आता पोट्टे चोरी करून राहिले अन् मॅडम शाबासकी देऊन राहिल्या."

पण खोटं कशाला बोला, काही गोष्टी त्यांच्याही ध्यानात आल्या होत्या. त्यांच्या सायकलच्या वाल-ट्यूबा दर आठवड्याला गायब व्हायच्या, त्या दिवाळीनंतर जागेवर राहायला लागल्या. दुपारच्या सुट्टीत तळ्याकडे पळणारी आठ-दहा पोरं बुधवार-शनिवारी कुंपणाच्या आत दिसायची. एका सकाळी मारोतरावांच्या वाडीच्या फाटकावर कुणीतरी पेरूची सहा रोपं पिशवीत घालून टांगून गेलं होतं. मारोतराव हे सगळ्यांना सांगत सुटले होते, पण त्यांच्या सुरात तक्रारच होती, कारण आता शिव्या कुणाला द्यायच्या हे त्यांना कळेना.

मार्च उजाडला. मॅडमनी पुस्तिकेचं नववं पान उघडून सरांसमोर धरलं आणि नम्रपणे त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. सर वऱ्हांड्यात येरझाऱ्या घालत होते. आत खडूचा आवाज नव्हता, फक्त पेनांची कुरकुर होती. एक तास झाला, दीड तास झाला. जुलैमध्ये पोरांचं चाळीस मिनिटांत आटपलं होतं. डिंपल तर पुरवणी मागायला दोनदा बाहेर आली.

निकाल असा लागला : एकशे बारापैकी एकशे नऊ मुलांनी गुन्हे कबूल केले होते. उरलेले तीन जण त्या दिवशी गैरहजर होते.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मुख्याध्यापकांनी ते मोठ्याने वाचलं. 'आपल्या शाळेत कार्यक्रमापूर्वी बालगुन्हेगारीचे प्रमाण शून्य टक्के असून कार्यक्रमानंतर ते सत्त्याण्णव टक्के झाल्याचे दिसून येते. सदर वाढ शून्यावरून असल्याने ती किती पट आहे हे काढता आलेले नाही. सबब कार्यक्रम बंद करण्याचे प्रस्तावित असून समुपदेशिकेचा करार पुढे चालू न ठेवण्याबाबत सुनावणी ठेवण्यात येत आहे. पहिला फॉर्म प्रमाणित करणारे शिक्षक श्री. गभणे यांनी हजर राहावे.'

शिपाई तेजराम दारात उभा होता, त्यामुळे तासाभरात गावाला कळलं. संध्याकाळपर्यंत बेलटोल्याची सत्त्याण्णव टक्के पोरं गुन्हेगार आहेत ही बातमी आंधळगावच्या बाजारात पोचली होती. दुसऱ्या दिवशी दहा-बारा पालक शाळेत हजर. कुणी म्हणे, "माहा पोट्टा त्या तिघात आहे काय ते सांगा." एका बापाने तर मुलाला हाताला धरून आणलं होतं. "याले मॅडमनं घरी खरं बोलाले शिकवलं जी. काल पाहुण्याच्या समोर सांगतलं यानं, बाबानं मोटर पंपासाठी लाइटीच्या तारेवर आकडा टाकला म्हणून! आता कसं करावं?"

मॅडम या गर्दीत शांत उभ्या होत्या. गर्दी ओसरल्यावर सरांजवळ आल्या. "सर, एक विचारू का? राग नका मानू. जुलैचा फॉर्म मुलांनी खराच भरला होता ना? तुम्हीच घेतला होता."

सरांनी खिशातला पेन काढला, टोपण काढलं, टोपण लावलं. "हो म्हणजे... शिस्तीत भरला होता."

"मग माझंच चुकलं असेल," मॅडम म्हणाल्या. "करार गेला तर मी दुसरं काही पाहून घेईन सर. पण ते तळ्यावर जाणारे पोट्टे... बुधवारी यायची सवय लागली त्यांना. कोणी आलं नाही तर बसून राहतील वऱ्हांड्यात."

त्या गेल्या. सरांना घरी जाताना पहिल्यांदाच सायकल जड लागली. खरं बोलावं तर मॅडमचा करार वाचतो. पण मग शाल गेली, सत्कार गेला, तीन शाळांतली भाषणं गेली, आणि एकोणीस वर्षांचे सगळे दोरीने बांधलेले गठ्ठे संशयात गेले. जंताच्या गोळ्यांपासून सुरुवात झाली असती.

रात्रीची जेवणं व्हायची होती. मारोतराव ओट्यावर बसले होते. सरांनी त्यांना सगळं सांगून टाकलं. मारोतरावांनी तंबाखू मळता मळता विचार केला.

"यात का आहे? जसा पयला गठ्ठा केला तसा दुसरा करा. परत भरून घ्या फॉर्म, सगळे 'नाही'. पयले शून्य, मंग बी शून्य. मॅडम बी वाचते, तुमी बी वाचता. एसटीत आमी हेच करू. गाडी लेट आली तं घड्याळ मांगं."

सल्ला सरांना पटला. बुडणाऱ्या माणसाला काडीही ओंडका वाटते. दुसऱ्याच दिवशी ते झेरॉक्ससाठी मोहाडीला गेले. तिथे लाइट गेलेली. लाइट आली तेव्हा दुकानदाराने कागद डोळ्यांजवळ नेऊन खणखणीत वाचायला सुरुवात केली, "तुम्ही दारू प्यायली आहे काय... तुम्ही मारामारी केली आहे काय... हे कायचा फॉर्म होय जी, लग्नाचा?" रांगेतली चार माणसं सरांकडे वळून पाहायला लागली. एकशे बारा प्रती काखेत मारून सर शाळेत आले, आठवी-नववी एका वर्गात बसवली आणि खडू हातात घेतला. प्रश्न एक. नाही.

एकही पेन हललं नाही.

"काय झालं? लिहा ना."

पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. मग डिंपल उभी राहिली, तीच ती. "सर, आमी खरं लिवलं आहे ना पयलेच. आता परत खोटं लिवावं काय?"

"हे खोटं नाही गं. हे... नमुना उत्तर आहे."

"मांगच्या वेळेस आमी तुमचं आयकलं होतं सर," डिंपल म्हणाली. तिच्या आवाजात उर्मटपणा असता तर सरांना बरं वाटलं असतं, निदान ओरडता आलं असतं. पण ती समजूत घातल्यासारखी बोलत होती. "मॅडमले सांगून देऊ ना आपन खरं. मॅडम रागवत नाही. कोनी काही म्हनत नाही."

सरांनी खडू ठेवला. 'वेळेचे महत्त्व ओळखा' हे फळ्याच्या कोपऱ्यात अजून होतंच. ते त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं, का कुणास ठाऊक. त्यांना भयंकर लाज वाटत होती.

सुनावणीच्या दिवशी ते फुलदाणी घेऊन एसटीत बसले. कौशल्याबाईंनी तांदूळ काढून घेतले होते, पण पितळ ते पितळ, मांडीवर ठेवून पाय बधिर झाला. कंडक्टरने कौतुकाने विचारलं, "बक्षीस भेटलं काय जी?" सर म्हणाले, "परत कराले चाललो." कंडक्टरने मग भंडाऱ्यापर्यंत काही विचारलं नाही.

सुपथ कक्षाला जागा मिळाली होती ती कासारांच्या दुकानांवरच्या मजल्यावर. खाली पितळेची भांडी ठोकण्याचं काम अखंड चाले. त्यामुळे कक्षात प्रत्येक गोष्ट ओरडून बोलावी लागे, आणि कक्षाचे अधिकारी आनंदराव साहेब इतकी वर्षं ओरडून ओरडून घरीही तसेच बोलायला लागले होते. टेबलावर दोन गठ्ठे होते. एका बाजूला रत्नमाला मॅडम बसल्या होत्या. मुख्याध्यापक आले होते, पण ते फक्त हजर होते.

"बोला गभणे सर!" साहेब ओरडले. "पहिला फॉर्म बरोबर होता ना?"

सरांनी वाक्य घरून पाठ करून आणलं होतं. 'काही तांत्रिक कारणास्तव प्रथम चाचणीत मार्गदर्शनाचे प्रमाण अधिक झाले.' ते त्यांनी म्हटलं. खाली ठण ठण ठण.

"काय?"

"मार्गदर्शन! अधिक झालं!"

"कोणाचं दर्शन?"

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. आज बुधवार होता आणि त्या बेलटोल्याला नव्हत्या. सरांनी डोळे मिटले आणि छातीतला सगळा दम लावून ओरडले, "मी पोट्ट्यायकडून खोटं लिवून घेतलं! फळ्यावर उत्तरं मी लिवली होती!"

आणि नेमकी त्याच क्षणी खाली चहाची सुट्टी झाली. हातोडे थांबले. शेवटचं वाक्य जिन्यावरून उतरून अख्ख्या गल्लीत गेलं. खालून कुणीतरी विचारलंसुद्धा, "कोन आहे रे?"

साहेबांनी पहिल्या गठ्ठ्यातला एक फॉर्म उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मग दुसरा. मग तिसरा. सत्ताविसाव्या प्रश्नातून समोरच्या दुकानातल्या घागरी दिसत होत्या. "तरीच," ते म्हणाले, आणि शांतता असूनही ओरडूनच म्हणाले. "आम्हाला वाटलं छपाईचा दोष आहे. छापणाऱ्याला दोन पत्रं पाठवली आम्ही!"

मग बराच वेळ नियम चाळण्यात गेला. पहिला फॉर्म रद्द. पहिला रद्द झाला म्हणजे तुलना रद्द. तुलना रद्द म्हणजे मूल्यमापन झालेलंच नाही. आणि ज्या कार्यक्रमाचं मूल्यमापन झालेलं नाही तो बंद करण्याची तरतूद कुठल्याच पानावर नव्हती. मार्चचा फॉर्म खरा आहे, म्हणून तोच आता पहिला धरायचा आणि पुढच्या मार्चला पुन्हा मोजायचं. तोपर्यंत कार्यक्रम चालू. कार्यक्रम चालू म्हणजे मॅडमचा करारही चालू. एवढं सगळं साहेबांनी एका दमात ओरडून सांगितलं आणि सरांच्या हातात एक मेमो ठेवला. सात दिवसांत खुलासा, सुवाच्य अक्षरात.

सरांनी फुलदाणी टेबलावर ठेवली. साहेबांनी रजिस्टर उघडलं, मागे-पुढे केलं. "हिची जावक नोंद आहे. आवक करायचा रकानाच नाही. परत नाही घेता येत. घेऊन जा."

जिना उतरताना मॅडम मागून आल्या. सरांना वाटलं आता ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "द्या, एका बाजूने धरते मी. जड आहे." दोघांनी मिळून ती स्टँडपर्यंत नेली. वाटेत कासार दुकानांतून मान वर करून पाहत होते, आणि सरांनी पहिल्यांदाच मान खाली घातली नाही, कारण खाली घातली असती तर ठेच लागली असती.

पुढच्या बुधवारी पोरांनी पाहिलं तर गोलाच्या मधोमध पितळेची फुलदाणी होती. मॅडमनी आता चिठ्ठ्या तिच्यात टाकायला सांगितल्या होत्या. कौशल्याबाई म्हणाल्या होत्या, "न्या एकदाची शाळेत. भरून तं राहीन कायनं तरी." सर दारात उभे होते. जरा वेळाने त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि गुडघे कुरकुरत असताना हळूच जमिनीवर बसले. डिंपलने सरकून जागा दिली. कुणी हसलं नाही. नियम होता.

मॅडम एकेक चिठ्ठी काढून वाचत गेल्या. कुणी बहिणीची रिबिन लपवली होती. कुणी घड्याळाचे काटे पुढे केले होते. चौथी चिठ्ठी उघडल्यावर मात्र त्या थांबल्या. त्यांच्या शेजारच्या पोराची नजर कागदावर पडली आणि त्याचे डोळे मोठे झाले. मग त्याच्या शेजारच्याचे. नाव कुठेच नव्हतं, पण ते अक्षर आठवी-नववीच्या प्रत्येक पोराने वर्षभर फळ्यावर पाहिलेलं होतं.

मॅडमनी आवाज न बदलता वाचलं, "मी एकशे बारा मुलांना खोटं लिहायला लावलं आणि त्यावर सत्कार घेतला."

सर जमिनीवरच्या एका फरशीकडे पाहत बसले होते. कान तापले होते. मग सगळ्या पोरांनी, एकानेही त्यांच्याकडे न पाहता, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने म्हटलं, "सांगतलं, बरं केलं!"

मॅडमनी चिठ्ठीची घडी घातली आणि पाचवी काढली.